वडिलांसाठी मासे गरवायचा पहिला रॉड घ्यायचाय: ७ फुटी, ९ फुटी की दुकानदार म्हणतो तो १२ फुटी?

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी रॉड घ्यायचा आहे. दुकानात आणि ऑनलाइन बघून बघून डोकं भणाणलंय. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

बाबा निवृत्तीनंतर अंजर्ल्याला असतात. गरवायला जाणं लहानपणापासूनचं, पण सगळं हातावर. फळीला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा दोरा), टोकाला शिसं, वर दोन गऱ्या आणि जिवंत कोळंबी. भरती लागली की जोग नदीच्या खाडीच्या मुखाशी बसतात. तंगूस तर्जनीवरून सोडलेला असतो आणि त्या एका बोटावर त्यांना सगळं समजतं: शिंगाळा ओढतोय, की चिंबोरी आमिष कुरतडतेय, की शिसं नुसतंच पाण्याच्या ओढीनं घरंगळतंय. तोच तंगूस मी धरला तर मला काहीही कळत नाही.

आता वय ६८. खांदा धरलाय, शिसं गरगरवून लांब टाकता येत नाही. त्यात मध्ये एक मोठी तांबोशी लागली आणि ती कपारीकडे पळताना तंगुसानं बोट खोलवर कापलं. गरवणं सोडायला ते तयार नाहीत, आणि त्यांनी सोडावं असं मलाही अजिबात वाटत नाही. म्हणून रॉड.

बहुतेक वेळ खाडीत, कधीतरी ओहोटीला कातळावर. शिसं साधारण ४०-५० ग्रॅमचं, उधाणाला जास्त. मिळतं ते शिंगाळा, तांबोशी, नशीब असेल तर जिताडा. रॉड आणि रीळ मिळून ६-७ हजारांपर्यंत जाऊ शकतो. एका दुकानदारानं १२ फुटी टेलिस्कोपिक सुचवला, पण तो हातात धरल्यावर मलाच जड वाटला. लांबी किती घ्यावी? कार्बन की फायबर ग्लास? आणि मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे की बाबांना बोटावर जे कळतं ते रॉडवर कळेल का? ते गेलं तर रॉड कोपऱ्यात पडून राहील.

दर्याकिनारी:
लांबीच्या आधी दुसरा आकडा बघा. मुठीच्या वर रॉडवर लिहिलेलं असतं, उदा. २०-६० ग्रॅम. तेवढं वजन फेकायला तो रॉड बनवलेला असतो. बाबांचं शिसं ५० आणि वर कोळंबी, म्हणजे १०-३० वाला रॉड त्यांच्या कामाचा नाही, लांबी काही का असेना.

दुकानदार 'पॉवर' आणि 'ॲक्शन' एकाच दमात बोलतात, पण त्या वेगळ्या गोष्टी आहेत. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे कुठून वाकतो. फास्ट रॉड फक्त शेंड्याकडे वाकतो, तो खोटं आमिष मारणाऱ्यांना बरा. जिवंत कोळंबी लावणार असाल तर मीडियम हेवी पॉवर आणि मॉडरेट फास्ट ॲक्शन, म्हणजे शेंड्याच्या थोडा खालपर्यंत वाकणारा, घ्या. झटक्यानं कोळंबी गरीवरून उडत नाही आणि माशालाही ओढ लगेच जाणवत नाही.

टेलिस्कोपिक मात्र नको. खाडीची वाळू आणि खार सांध्यांत गेला की उघडमीट करताना घासत राहतो. दोन तुकड्यांचा घ्या, एसटीतही नेता येतो.

कातळकरी:
कातळावर जायचं असेल तर माझं मत ९ ते १० फूट. समोर कालवं लागलेले खडक असतात, लाइन त्यांच्या वरून उचलून धरावी लागते. ७ फुटीनं ते जमत नाही.

खाजणकाठ:
कातळकरी, तुमचं कातळापुरतं बरोबर आहे. पण ६८ वर्षांच्या माणसाचा खांदा दुखतोय आणि नव्वद टक्के बसणं खाडीत आहे. १० फुटी रॉडचा शेंडा सतत खाली ओढतो, तासाभरात खांदा बोलायला लागेल. ८ फुटी, कार्बनचा, त्यावर ४००० साइजचं स्पिनिंग रीळ. ग्लासचा रॉड आडदांड वापराला टिकतो, पण जड असतो आणि धक्का कमी पोचवतो. कार्बनला दोन पथ्यं: मासा काठाशी आल्यावर रॉड पार उभा करून उचलायचा नाही, मोडतो, हातजाळीनं घ्यायचा. आणि कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे गडगडायला लागलं किंवा वर तारा असल्या तर रॉड खाली.

आता बोटाचं. धागाकर्ते, रॉडपेक्षा लाइन महत्त्वाची. नायलॉन ताणतो, म्हणून लांबवरचा हलका चावा वाटेतच विरतो. ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली लाइन, जवळजवळ ताणत नाही. ३० पौंडाची ब्रेड भरा आणि पुढे हातभर-दोन हात जाड नायलॉनचा लीडर (गरीकडचा तुकडा) बांधा, कारण ब्रेड कालवांवर घासली की लगेच तुटते. त्या लीडरला बाबांचाच जाड तंगूस चालेल. शिसं तळाला लागलं, बेल (रिळावरची तारेची कमान) बंद केली, की रिळाच्या पुढची लाइन तर्जनीवर हलकेच घ्यायची. बाबांना नवीन काही शिकायचंच नाही, बोट तेच काम करेल. मासा लागला की मात्र बोट काढायचं. ब्रेड तंगुसापेक्षा वाईट कापते. पुढचं ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की लाइन सुटू देणारा रिळाचा ब्रेक, सांभाळेल. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर लावून ठेवा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. लाइनचा हा मुद्दा मला एकाही दुकानात कुणी सांगितला नव्हता. ८ फुटी, दोन तुकडे, २०-६० ग्रॅम, मीडियम हेवी असं ठरवतोय. उधाणाला ८० ग्रॅम शिसं लावलं तर चालेल का?

दर्याकिनारी:
पूर्ण जोरानं फेकायचं असेल तर नाही, शेंडा जाईल. त्या दिवशी मुखाऐवजी आत, वळणाच्या आडोशाला बसा, तिथं ५० ग्रॅम टिकेल. नाहीतर भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस धरा. आणि घेताना रॉडच्या प्रत्येक कडीच्या आतून कापूस फिरवून बघा. धागा अडकला तर तिथं चीर आहे, ब्रेड तिथंच तुटणार. घरी आल्यावर रॉड आणि रीळ गोड्या पाण्यानं हलकेच धुवायचं, रिळावर जोराचा फवारा मारायचा नाही.