तांब्याच्या वाट्या नि चहापत्तीचे चमचे: प्रेसवर पत्रा फाटतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणून गॅलरीत छोटा प्रेस उभा केलाय. सी-चॅनलची फ्रेम आणि 20 टनी बॉटल जॅक. तांब्याच्या लहान वाट्या आणि चहापत्तीच्या डब्यात ठेवायचे चमचे काढायचेत. नर-मादी डायच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या दोन साच्यांच्या, किमतीचा आकडा टूलरूमवाल्याने सांगितला, तो ऐकून समोरचा चहाही तसाच ठेवून परत आलो. म्हणून एकच डाय केली: ॲक्रिलिकचे 12 मिमीचे दोन थर, त्यात आकार आरपार कापलेला. त्यावर पत्रा, पत्र्यावर 25 मिमी जाडीचा पीयू (पॉलियुरेथेन) रबराचा पॅड (कडकपणा शोअर ए 90). जॅक दाबला की रबर पत्र्याला भोकात ढकलतं.

वाटीचं भोक 60 मिमी, पत्रा 22 गेज, गोल चकती 70 मिमीची. आठ-नऊ मिमी खोलीपर्यंत मजेत जातं. पुढे काठावर चुण्या पडतात, थेट नऊवारीच्या निऱ्या. मला खोली 18 मिमी हवी आहे. शिवाय पॅड बाजूने फुगतो आणि सगळा जोर तिकडेच जातो.

चमच्याचं दुखणं वेगळं. आकार दांड्याकडे जिथे निमुळता होतो तिथे आधी केसाएवढी चीर दिसते, पुढच्या दाबाला फाटतो. पाच वाया गेले. तांब्याचा भाव बघता हा छंद परवडेना.

पत्रा मी दर दोन दाबांनंतर नरम करतो. साबण चोळायचा, स्वयंपाकघरातल्या गॅसवर धरायचा, साबण काळा पडला की पाण्यात. पत्रा 24 गेजचा, म्हणजे आणखी पातळ, घेऊ का? की डायच लोखंडाची करू?

प्रतिसाद 1
काका, साबणाची युक्ती ॲल्युमिनियमची! साबण काळा पडतो तेव्हा तांबं अजून पुरतं नरम झालेलं नसतं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत आमचं मठारकाम (तांब्याची भांडी ठोकून घडवणं) होतं. आजोबा अंधाऱ्या कोपऱ्यात पत्रा तापवायचे, कारण उन्हात लाली दिसतच नाही. सगळीकडून मंद लाल दिसला की पाण्यात. शेगडीवर मधला भाग तापतो, कडा राहतात. गॅस टॉर्च घ्या. खात्रीसाठी कापलेली पट्टी वाकवून बघा. नरम असेल तर वाकेल तशीच पडून राहते, कडक असेल तर उसळते. 24 गेज घेतलात तर आणखी लवकर फाटेल.

प्रतिसाद 2
चुण्यांचं कारण तुमची काटकसर. 5 मिमी काठाला रबर काय धरून ठेवणार? चौफेर 20 मिमी पत्रा सोडा, वाटी झाल्यावर कापा. पॅडभोवती जाड पाइपचा तुकडा बसवा, म्हणजे तो फुगणार नाही. पण मग दाब भलताच वाढतो, ॲक्रिलिक तडकू शकतं. समोर आडोसा लावा, डोळ्यांना चष्मा. डाय लोखंडाची केलीत तर उत्तमच. पण आधी आहे त्याच डायची कड पॉलिश पेपरने गोल करा, निमुळत्या जागी तर जास्तच. तिथली धार पत्र्याला सुरीसारखी लागते.

धागाकर्ता
चमच्याच्या डायवर आत्ता बोट फिरवून आलो. धार आहे, सालपट निघालं! टॉर्च आणतो. कापलेल्या पट्ट्या भंगारात दिल्या नव्हत्या, आधी त्या तापवून, वाकवून बघतो. वाट्यांत चटणी ठेवायची तर आतून कल्हई लागेल ना? पुण्यात लहान नगाला अजून कोण करून देतं?