डीटीपी सोडून वेबसाइटच्या कामात यायचंय, मुंबईत यात टिकता येतं का?

कोरेल_ते_कोड
नमस्कार मंडळी. मी गिरगावात एका छापखान्यात डीटीपीला (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायला) आहे, राहायला डोंबिवली. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, मंडळांची पावतीबुकं, व्हिजिटिंग कार्ड, सगळं करतो, कोरेल आणि फोटोशॉपवर हात बसलाय. पण पत्रिका आता लोक व्हॉट्सॲपवर फिरवतात, छापतात ती देवापुढे ठेवायला आणि वडीलधाऱ्यांना द्यायला तेवढीच, पावतीबुकंही कमी झाली, त्यामुळे पुढची वर्षं इथे निघतील असं वाटत नाही. आणि छापखान्यात येणारं गिऱ्हाईकच हल्ली विचारतं, वेबसाइट पण करून द्याल का.

मी बी.कॉम. आहे, इंजिनिअर नाही. दादरच्या एका क्लासमध्ये चौकशी केली, फी ऐंशी हजाराच्या वर सांगितली आणि वर जॉब गॅरंटी म्हणाले. धाकटा भाऊ म्हणतो कशाला शिकतोस, एआय पाच मिनिटात साइट बनवतं. मला खरंच मनापासून हे काम शिकायचंय, नुसतं बनवून हातात द्यायचं नाही तर नंतर सांभाळायचंही. तर डिग्री लागते का, क्लास लावू का, आणि मेंटेनन्स म्हणजे रोजचं नक्की काय काम असतं, त्याचे लोक पैसे देतात का? अनुभव असेल त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

परळ_नाका
मित्रा, मी बरीच वर्षं हेच काम करतोय, एकट्याने, परळमध्ये घरातूनच. डिग्री मला आजवर एकाही क्लायंटने विचारलेली नाही, आधी कोणाचं केलंय ते दाखवा एवढंच विचारतात. ऐंशी हजार भरू नकोस. एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (पानाचं रूप) एमडीएन किंवा फ्रीकोडकॅम्प या साइटवर फुकट आणि नीट शिकता येतं, इंग्रजी जड वाटलं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ, त्यातले बरेच मराठीतून आहेत. आणि जॉब गॅरंटी म्हणणाऱ्याला एकच सांग, हे लेटरहेडवर लिहून द्या आणि नोकरी नाही लागली तर फी कधी परत मिळेल तेही लिहा, मग काय उत्तर येतं ते बघ.

तुझी नजर तयार आहे ही मोठी गोष्ट आहे. मथळा केवढा, मोकळी जागा किती, डोळा आधी कुठे जाणार, हे शिकवायला खूप वेळ जातो आणि तुला ते येतं. सोडायची आहे ती ए-फोरची सवय. कागद तुझ्या ताब्यात होता, स्क्रीन नाही. क्लायंट ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर साइट बघून खूश होतो पण त्याचं गिऱ्हाईक विरार गाडीत उभ्याने एका हाताने मोबाइलवर बघत असतं, आणि नेटवर्क मधेच जातं. त्यामुळे आधी मोबाइलचं पान, मग मोठं. छपाईसाठी ठेवलेले तीनशे डीपीआयचे फोटो तसेच चढवू नकोस, छोटे करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये सेव्ह कर, निम्म्या साइट फक्त फोटोंमुळे रखडतात.

मराठीचं एक खास सांगतो कारण हे कुठल्या क्लासमध्ये सांगत नाहीत. इंग्रजी डिझाइनमध्ये अक्षरांमध्ये अंतर टाकायची फॅशन आहे, लेटर स्पेसिंग, ते देवनागरीला लावलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द सुटा सुटा दिसतो. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त लागतं नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. आणि एचटीएमएलच्या सुरुवातीलाच लँग म्हणून भाषा सांगायची जागा असते तिथे एमआर, म्हणजे मराठी, लिहायला विसरू नकोस, त्याने काही फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही, आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि फार सुंदर आहेत.

आता मेंटेनन्स. माझं घर चालतं ते यावर, नवीन साइटवर नाही. नवीन साइटचे पैसे एकदा येतात, मेंटेनन्सचे दरवर्षी. सोसायटी लिफ्टची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचे पैसे) भरते तसंच हे, फक्त आपल्या लोकांना ते पटवून द्यावं लागतं कारण साइट बंद पडेपर्यंत कोणाला त्याची आठवण होत नाही.

एक प्रसंग सांगतो म्हणजे काम काय असतं ते कळेल. दादरला फराळाचं एक दुकान आहे, परदेशात फराळ पाठवतात, ऑर्डर साइटवरून घेतात. साइट वर्डप्रेसची (साइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर), दुसऱ्या कोणीतरी केलेली आणि मग वाऱ्यावर सोडलेली. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या होस्टिंगवाल्याने (ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते) सर्व्हरवरचं पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, ७.४ काढून ८ केलं, ते करणं भागच होतं कारण ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, पण दुकानाला कोणी कळवलं नाही. सकाळी साइट उघडली तर नुसतं पांढरं पान. मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा त्या रडायच्या बेतात होत्या. मी होस्टिंगच्या सीपॅनलमधून एरर लॉग (चुकांची नोंद) उघडला, तर एका जुन्या स्लायडरच्या (सरकत्या फोटोंच्या) प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या पुरवणीत, क्रिएट फंक्शन नावाचं फंक्शन वापरलेलं, जे पीएचपी ८ मध्ये काढूनच टाकलंय. वर्डप्रेसच्या ॲडमिनमध्ये शिरताच येत नव्हतं, मग फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, की वर्डप्रेस त्याला आपोआप बंद करतं, आणि साइट परत उभी राहिली. स्लायडर गेला, ऑर्डर चालू झाल्या. नंतर थीम (साइटच्या रूपाचा साचा) बदलली, आणि तेव्हापासून त्यांची एएमसी माझ्याकडे आहे.

म्हणजे रोजचं काम बघशील तर बॅकअप घेणं आणि तो त्याच सर्व्हरवर न ठेवता बाहेर ठेवणं, अपडेट आधी स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) लावून बघणं मग खऱ्या साइटवर, चौकशीचा फॉर्म स्वतः भरून मेल पोचतोय का बघणं (हे कोणीच करत नाही आणि महिनोन्महिने लोकांच्या चौकश्या हवेत जातात), एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट) रिन्यू झालं का बघणं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट असतं पण ९० दिवसांचं, आपोआप रिन्यू व्हायला हवं, कधी अडकतं, आणि मग गिऱ्हाईकाला ब्राउझर लाल इशारा दाखवतो. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट वर्डप्रेसवर आहेत म्हणून हल्लेखोरही त्याच्याच मागे असतात, त्यामुळे वर्डप्रेस नुसतं बटणं दाबून न शिकता आतून शीक, थीमच्या फाइली, डेटाबेस, सगळं.

स्नेहल_ऐरोली
परळ_नाका यांनी स्वतंत्र कामाचं छान सांगितलं, मी नोकरीचं सांगते. मी ऐरोलीला एका कंपनीत फ्रंटएंडला (साइटचा दिसणारा भाग बनवायला) आहे. तुम्ही डोंबिवलीचे, म्हणजे ठाण्याला गाडी बदलून ट्रान्सहार्बरने येता येईल, सीएसएमटीपेक्षा कमी हाल.

खरं सांगायचं तर मोठ्या कंपन्यांत एचआर अजूनही डिग्री बघतात, बी.कॉम. चालतं काही ठिकाणी, काही ठिकाणी अर्जच पुढे जात नाही. लोअर परळ, अंधेरीच्या छोट्या एजन्सींमध्ये मात्र पोर्टफोलिओवर घेतात. तिथे पगार कमी, काम खूप, पण वर्षभरात जे शिकाल ते बाहेर शिकणार नाही, म्हणून मी तर म्हणेन थेट फ्रीलान्सिंगला उडी मारण्यापेक्षा आधी एजन्सीत एखादं वर्ष काढा. परळ_नाका यांना पटेल न पटेल, पण दुसऱ्याचा कोड वाचायची सवय एकट्याने बसून लागत नाही.

मुलाखतीत समोर बसवून एखादं पान बनवायला सांगतात, सीएसएसमधले मांडणीचे फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड हाताखालून गेलेलं पाहिजे. डिझायनरच्या जागेला फिग्मा (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) लागतंच, कोरेलवाल्याला ते पटकन येईल. जावास्क्रिप्टला, म्हणजे पानाला कामं करायला लावणाऱ्या भाषेला, घाबरून टाळू नका, तिथेच बहुतेक जण थांबतात आणि तिथेच पगार अडतो. तिच्यावर बांधलेल्या रिॲक्टच्या मागे लगेच धावू नका, साधी जावास्क्रिप्ट आधी. आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) शिका, केलेलं सगळं गिटहब या साइटवर ठेवा.

एआयबद्दल तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. आम्ही रोज वापरतो, पानाचा पहिला ढाचा पटकन मिळतो आणि त्यामुळे नुसती टेम्प्लेट भरून देणाऱ्यांची कामं गेलीत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याने दिलेल्या कोडमध्ये बटण दिसायला बटण असतं आणि आत कोडमध्ये नुसता डबा, म्हणजे बटण असल्याचं न सांगणारा चौकोन, असतो, माउसने चालतं, कीबोर्डने चालत नाही. हे ज्याला दिसतं त्याला काम आहे. म्हणून मुळातलं एचटीएमएल पक्कं करा.

कानाने_वाचतो
वरच्या बटणावरून लिहावंसं वाटलं. मला दिसत नाही, बँकेत नोकरीला आहे, कॉम्प्युटर एनव्हीडीएवर वापरतो, फुकटचा स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मराठीही वाचतो. तो बटणाला बटण म्हणतो तेव्हाच मला कळतं की इथे एंटर मारायचं, डबा असेल तर माझ्यासाठी तिथे काहीच नाही. फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) नसेल तर तो मला कधी कधी फाइलचं नावच वाचून दाखवतो, आयएमजी शून्य शून्य चार वगैरे. शाळा आणि मंडळं तर सगळी माहितीच एका इमेजमध्ये टाकतात, तारीख वेळ पत्ता सगळं चित्रात, आम्हाला एक अक्षर कळत नाही.

तुम्ही डीटीपीवाले म्हणून मुद्दाम सांगतो, जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर साइटवर तसाच चिकटवू नका. दिसायला मराठी, आत इंग्रजी अक्षरांचा कालवा, माझा रीडर तोच कालवा वाचतो, आणि गूगललाही त्यात काही सापडत नाही. आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) बदला आणि बदलल्यावर एकदा वाचून बघा कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. रंगांचंही बघा, मला नाही पण माझ्या आईला मोतीबिंदूमुळे फिकट राखाडी अक्षरं दिसत नाहीत. साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत, त्यात साध्या मजकुराला कमीत कमी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक) मागितलाय, तपासायची टूल फुकट आहेत. सरकारी साइटना जीआयजीडब्ल्यू या त्यांच्यासाठीच्या नियमावलीमुळे हे पाळावं लागतं, म्हणजे हे येणाऱ्या माणसाला कामही मिळतं. साइट बनवून झाली की एकदा माउस बाजूला ठेवा आणि टॅबने सगळीकडे जाता येतं का बघा, एवढं केलंत तरी आमच्यासाठी खूप आहे.

हिशेबनीस_बोरिवली
पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. कोटेशनमध्ये किती पानं, किती वेळा बदल, मजकूर आणि फोटो कोण देणार, हे लिहा आणि ॲडव्हान्स घेतल्याशिवाय सुरू करू नका, ओळखीचा असला तरी, ओळखीचा असला तर जास्तच. कंपनीने प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के टीडीएस कापला तर घाबरू नका, रिटर्न भरलं की हिशेबात येतो. सेवेच्या कामाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंगचे पैसे क्लायंटला त्याच्याच कार्डने भरायला लावा, तुमच्या खिशातून भरून नंतर मागत बसू नका. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव आणि रिन्यूचा भाव यात बराच फरक असतो, तो आधीच सांगून ठेवा.

कोरेल_ते_कोड
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. क्लास रद्द, एमडीएन कालपासून उघडलंय. कानाने_वाचतो दादा, तुमचं वाचून छापखान्याच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकला आणि डोळे मिटून एका शाळेची साइट ऐकली, तुम्ही म्हणता तसंच आहे, प्रवेशाची तारीख मिळालीच नाही.

एक अडचण लगेच आलीये. आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, सार्वजनिक वाचनालय, त्यांची साइट कोणीतरी करून दिली होती, तो आता फोन उचलत नाही. डोमेन त्याच्याच नावावर आणि पुढच्या महिन्यात संपतंय. डॉट इन आहे. त्यांच्याकडे पासवर्ड, बॅकअप काहीच नाही. मी एवढ्यात हात घालावा का?

परळ_नाका
घाल, पण वाचनालयाच्या कमिटीला आधी स्पष्ट सांग की तू शिकतोयस, अडलं तर मी आहे. हे फार ठिकाणी होतं आणि मला याचा मनस्वी राग येतो. डोमेन ही संस्थेची पाटी आहे, ती बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर ठेवायचीच नाही.

पहिलं, हूइजवर (डोमेनची नोंद दाखवणारी सेवा) बघ रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवणारी कंपनी, कोण आहे आणि संपायची तारीख कोणती. दुसरं, त्या माणसाला वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र आणि ई-मेल दोन्ही जाऊ दे, भांडणाची भाषा नको, ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा कोड) द्या आणि डोमेन अनलॉक करा एवढीच मागणी. बरेचदा माणूस वाईट नसतो, धंदा सोडून गावी गेलेला असतो. जुनी पावती वाचनालयाच्या नावाची सापडली तर रजिस्ट्रारच्या सपोर्टला तीही पाठवा. तक्रार करायला डॉट इनसाठी आयएनडीआरपी म्हणून व्यवस्था आहे, पण वाचनालयाच्या खिशाला ती झेपेल असं मला वाटत नाही, ती शेवटी.

तोवर साइट चालू आहे तेव्हाच सगळी पानं आणि फोटो उतरवून घे, आज रात्रीच. जुनी पानं काढून टाकलेली असतील तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटच्या जुन्या प्रतींच्या साठ्यात, पत्ता टाकून बघ, नशिबाने सूचीची जुनी पानं मिळतात. नाहीच मिळालं डोमेन तर नवीन घ्यायचं, वाचनालयाच्या नावावर, वाचनालयाच्या ई-मेलवर, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे. आणि एक विचार त्यांना, त्याच डोमेनवर त्यांचे ई-मेल चालतात का. चालत असतील तर डोमेन संपलं की मेलही बंद पडणार, म्हणजे साइटच्या आधी सगळे मेल उतरवून घ्यायचे आणि बँकेत, धर्मादाय आयुक्तांकडे जिथे जिथे तो पत्ता दिलाय तिथे बदलायला सांगायचं. यादी करून मला पाठव, मी बघतो काही राहिलंय का.