शिंगरू अजून पळालंच नाही, मग त्याची किंमत ठरते कशावरून?

दांडियाबाजार_६२:
नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, गेल्या वर्षी रिटायर झालो. माझा मावसभाऊ पुण्याला असतो, त्याला रेसच्या घोड्यांचं वेड आहे, बेटिंगचं नाही हं, पहाटे पाचला ट्रॅकवर जाऊन नुसते घोडे बघत उभा राहणारा माणूस आहे तो. त्याच्या ग्रुपमधले आठ जण मिळून एक थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात) फिली, म्हणजे तरुण घोडी, घेतायत, दीड वर्षाची आहे, सोळा लाख सांगितलेत, म्हणजे वाट्याला दोन लाख, एक वाटा रिकामा आहे आणि तो तूच घे म्हणून रोज फोन करतो. माझं मन ओढतंय कारण आजोबा राजवाड्याच्या पागेत मोतद्दार होते, खरारा कसा करायचा, खुराच्या वासावरून खूर सडतोय का ते कसं ओळखायचं असलं ऐकतच मी वाढलो. पण एक गोष्ट डोक्यात शिरत नाही. ही फिली आयुष्यात एकदाही पळालेली नाही, तिच्या पाठीवर अजून कोणी बसलेलंसुद्धा नाही, मग हे सोळा लाख आले कुठून? भाऊ म्हणतो बाप नवीन इम्पोर्टेड स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, आहे, त्याची ही पहिलीच शिंगरं, सगळे त्याच्याच मागे आहेत. आजोबा तर कायम म्हणायचे आधी आई बघा. कोणाला ह्यातलं खरंच कळत असेल तर नीट समजावून सांगा, पैसे रिटायरमेंटचे आहेत.

घोडेडॉक्टर:
काका, मी आणंदला व्हेटर्नरी केलं, मग पुण्याजवळ एका स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथे, सात वर्षं होतो, आता परत बडोद्यातच आहे. जरा लांब लिहितो.

तुम्ही सोळा लाख देताय ते विक्रीच्या कॅटलॉगमधल्या एका पानाला. त्या पानावर बाप, आई, आजी आणि त्यांची पोरं कुठली मोठी रेस जिंकली ते ठळक अक्षरात छापलेलं असतं, आणि ठळक अक्षरं जितकी जास्त तितकी किंमत चढते. घोडा पळायच्या आधीच विकायचा असल्यामुळे दुसरं मोजायला फारसं काही नसतंच.

आता बापाचा भाव एवढा का ते बघा. आपल्याकडे गाईम्हशींत कृत्रिम रेतन असतं, एका वळूपासून हजारो गाई गाभण राहतात. थरोब्रेडला हे अजिबात चालत नाही. घोड्याने घोडीला प्रत्यक्ष कव्हर केलं पाहिजे, म्हणजे नैसर्गिक संयोगच व्हायला हवा, नाहीतर शिंगराची स्टड बुकात, म्हणजे जातीच्या नोंदवहीत, नोंदच होत नाही. म्हणून चांगल्या स्टॅलियनचा एकेक कव्हर विकला जातो. पूर्वी एका स्टॅलियनकडे सीझनला चाळीसेक घोड्या यायच्या, आता सोनोग्राफीमुळे घोडीचा दिवस नेमका पकडता येतो आणि फॅशनमधला स्टॅलियन दीडशे-दोनशे घोड्या करतो. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये नियम काढला होता की त्या वर्षी आणि नंतर जन्मलेल्या स्टॅलियनला सीझनला १४० घोड्यांच्या वर नाही, पण मोठ्या स्टडवाल्यांनी एवढा विरोध केला की २०२२ च्या फेब्रुवारीत तो मागे घ्यावा लागला. पैसा केवढा आहे ते फ्लाइटलाइनवरून कळेल. हा घोडा आयुष्यात फक्त सहा वेळा पळाला, सहाही जिंकला आणि २०२२ ला रिटायर केला. २०२३ च्या पहिल्या सीझनला कव्हरची फी २ लाख डॉलर होती. शंभर घोड्या धरल्या तरी एका सीझनचे २ कोटी डॉलर होतात, मग मालक त्याला अजून एक वर्ष पळवून पाय मोडायची जोखीम कशाला घेईल? त्याचा अडीच टक्क्यांचा वाटा लिलावात ४६ लाख डॉलरला गेला होता. म्हणजे वाटे विकण्याची पद्धत तुमच्या मावसभावाच्या ग्रुपची नाही, सगळ्या जगात असंच चालतं.

आणि आता तुमच्या कामाचा मुद्दा, पहिली शिंगरं. समजा स्टॅलियन २०२१ ला स्टडवर आला. शिंगरं २०२२ ला पडली, २०२३ ला वर्षाची झाली, विकली गेली, आणि पळायला लागली २०२४ ला. म्हणजे त्याची पोरं पळतात की नाही हे कोणालाच माहीत नसताना त्याच्या तीन सीझनच्या घोड्या भरून झालेल्या असतात आणि पहिली शिंगरं विकूनही झालेली असतात. नव्या स्टॅलियनचं कोणतंच पोर अजून हरलेलं नसतं, त्यामुळे त्याच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. ब्रीडरला, म्हणजे घोडे पैदा करणाऱ्याला, हे पक्कं माहीत असतं. ज्याला घोडा विकायचा आहे तो नव्या स्टॅलियनकडे घोडी पाठवतो, आणि ज्याला स्वतः पळवायचा आहे तो ज्याची पोरं जिंकून दाखवतायत अशा जुन्या स्टॅलियनकडे पाठवतो. बाजारात तुरी म्हणतात ना तसं आहे सगळं. पहिल्या पोरांनी काही केलं नाही की चौथ्या-पाचव्या वर्षी त्याच स्टॅलियनची फी धडाधड खाली येते, पण तोवर तुमची फिली घेऊन झालेली असते.

सुरसागरकाठी:
डॉक्टरांचं वाचलं आणि राहवलं नाही, बडोद्याच्या माणसाने हा प्रश्न विचारावा आणि सयाजीरावाची गोष्ट कोणी सांगू नये असं होऊच शकत नाही. महाराज नव्हे, सयाजीराव नावाचा घोडा! बडोद्याच्या प्रतापसिंहराव महाराजांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं, एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि वर्षाच्या शिंगराला तिथे तोपर्यंत कोणीच एवढी किंमत दिली नव्हती. का दिली? तर त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी इंग्लिश डर्बी जिंकला होता. बाप नियार्को, आई रोझी लेजंड, दोघांचे आईबाप तेच. नाव ठेवलं आजोबांचं, आणि घोड्याने ते राखलं, १९४७ ला आयरिश डर्बी आणि इंग्लंडमधली सेंट लेजर ह्या दोन्ही मोठ्या रेस जिंकला. पुढच्या वर्षी महाराजांचाच माय बाबू नावाचा घोडा टू थाउजंड गिनीज ही रेस जिंकला. आणि इकडे मुंबईत महालक्ष्मीला १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली तीसुद्धा बडोद्याच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुलने मारली, घोडी होती ती, वर जॉकी एडगर ब्रिट, आणि सेंट लेजरला सयाजीरावावर बसलेला जॉकीही तोच. आमचे वडील इथल्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यावरून जाताना दर वेळी हे सांगायचे, पुतळ्यातल्या घोड्याशी ह्याचा काही संबंध नाही तरी तिथेच आठवायचं त्यांना.

म्हणून दांडियाबाजारकाका, पळण्याआधी नुसत्या घराण्याला पैसे देणं हे आपल्या बडोद्याने जगाच्या पुढे जाऊन केलेलं आहे आणि ते फळाला आलंय. खाण तशी माती, अजून काय.

घोडेडॉक्टर:
सुरसागर, छान आठवण काढलीत. फक्त एक सांगतो, ते फळाला आलं म्हणून आपल्याला नाव माहीत आहे. २००६ ला फ्लोरिडाच्या लिलावात द ग्रीन मंकी नावाचा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला गेला, विकण्याआधी त्याला एक फर्लांग पळवून दाखवला तर ९.८ सेकंदात कापला, सगळे वेडे झाले. पुढे तो तीन रेस पळाला आणि एकही जिंकला नाही. आणि सिअॅटल स्लू १७,५०० डॉलरला मिळाला होता, तो १९७७ ला अमेरिकेची ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच वर्षी तीन मोठ्या रेस, जिंकला, तीही एकदासुद्धा न हरता. विकायच्या दिवशी दोघांपैकी कोणता घ्याल असं विचारलं असतं तर शंभरातल्या नव्व्याण्णवांनी चुकीच्या घोड्यावर बोट ठेवलं असतं.

सयाजीरावाचं अजून एक. सेंट लेजर म्हणजे पावणेदोन मैलांच्या वरची रेस, दमाच्या घोड्याची. त्याने पुढे स्टडवर चांगली पोरं दिली, इंडिआना १९६४ ला सेंट लेजर जिंकला तो त्याचाच. आज सेंट लेजर जिंकणाऱ्या घोड्याला फ्लॅट रेसचे ब्रीडर फारसं विचारत नाहीत, बरेचसे अडथळ्यांच्या रेसचे घोडे पैदा करायला जातात. कारण विकत घेणाऱ्याला दोन वर्षांचा झाला की लगेच पळणारा, कमी अंतराचा, वेगाचा घोडा हवा असतो, तीन-चार वर्षं थांबायची कोणाची तयारी नसते. ब्रीडर तेच बनवतो जे विकतं. हळूहळू सगळी जातच त्या बाजूला झुकली.

मांडवी_भाऊ:
मी अनुभवाचं सांगतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी असाच एक कोल्ट, म्हणजे तरुण नर घोडा, घेतला, लिलावात काय दिसत होता, तुकतुकीत, मान उंच, चालायला लागला की सगळे वळून बघायचे. तीन महिन्यांत पुढच्या पायाला सूज. मग कळलं विकण्याआधी त्याला भरपूर खायला घालून भरवलेला होता, एक्सरे आम्ही मागितलेच नव्हते, आणि विकणाऱ्यानेही दाखवले नाहीत. नाव घेत नाही. पण खरा मार खरेदीचा नव्हे, त्यानंतरचा. ट्रेनरची फी दर महिन्याला, खुराक, नालबंद, डॉक्टर, घोडा पळो न पळो, आमच्या चौघांच्या तोंडचं पाणी पळालं. बक्षिसाचे पैसे येतील म्हणावं तर क्लबचं उत्पन्नच मुळात बेटिंगमधून, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पैजेला लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला (२०२५ मध्ये तो ४० टक्के झाला), तेव्हापासून लोक कमी झाले. शेवटी कोल्ट एका रायडिंग स्कूलला दिला. आम्ही दोघं जाऊन भेटून येतो, तो ओळखतो आम्हाला, गूळ लागतो त्याला. मला पैशांचं आता एवढं वाटत नाही, वाईट ह्याचं वाटतं की आम्ही त्याच्या दुखणाऱ्या पायावर दोन रेस पळवला त्याला.

फतेहगंजची_केतकी:
मला एक विचारायचंय. सगळे त्याच दहा-पंधरा स्टॅलियनच्या मागे लागले तर मग पुढे सगळे घोडे एकमेकांचे चुलत-मावस भाऊच होणार ना? माणसांत गोत्र बघतात, इथे कोणी बघतं का?

घोडेडॉक्टर:
केतकीताई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. सगळ्या थरोब्रेडची बापाकडची रेषा तीनच घोड्यांपर्यंत जाते, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन, तिन्ही पूर्वेकडून इंग्लंडला नेलेले. आणि १७९१ पासून स्टड बुक छापायला लागले तेव्हापासून बाहेरचं रक्त जवळपास बंदच. त्यात आताची फॅशन. २०२० मध्ये आयर्लंडच्या शास्त्रज्ञांनी दहा हजारांवर घोड्यांचे जनुक तपासले तर त्याआधीच्या ४५ वर्षांत इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, वाढतच गेलेलं दिसलं, आणि ९७ टक्के घोड्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर सापडला. आता हा नॉर्दर्न डान्सर कोण? नियार्कोचा नातू! म्हणजे आपल्या सयाजीरावाच्या सावत्र भावाचा, नियार्क्टिकचा मुलगा.

आणि काका, ह्याच नॉर्दर्न डान्सरला वर्षाचा असताना २५,००० डॉलरला कोणी घेतला नव्हता. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारी धरतात, जन्म कधी का होईना. तो जन्मला २७ मे १९६१ ला, म्हणून विक्रीत बाकीच्यांपेक्षा बुटका दिसला. मालकाकडेच राहिला, १९६४ ला केंटकी डर्बी जिंकला, आणि पुढे त्याच्या एका कव्हरची फी दहा लाख डॉलरपर्यंत गेली. आजही ब्रीडर डिसेंबरपासून घोडीच्या तबेल्यात रात्री दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतात, म्हणजे ती लवकर माजावर येते, अकरा महिन्यांनी शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत पडतं आणि विक्रीच्या दिवशी मोठं दिसतं. पळण्याशी ह्याचा काही संबंध नाही, आपल्याकडे तर इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते, तोवर फेब्रुवारीचं काय आणि मेचं काय.

दांडियाबाजार_६२:
सगळ्यांचे मनापासून आभार, मांडवीभाऊ तुमचं वाचून रात्री झोप नाही लागली. शनिवारी पुण्याला जाऊन आलो. फिलीचा जन्म एप्रिलअखेरचा आहे, अंगाने लहानच आहे, त्यामुळे भाऊ जरा कुरकुरत होता की उंची कमी, आता मला कळलं का ते. मी आजोबांसारखं आईचं विचारलं. आई तीन सीझन पळाली, चार जिंकली, सगळ्या लहान रेस, पण पाय शेवटपर्यंत नीट. आधीची दोन शिंगरं आहेत, एक अजून पळतंय, दुसरं पळालंच नाही. बापाबद्दल तिथला माणूस अर्धा तास बोलला, आईबद्दल दोन मिनिटं. चारही खूर मी स्वतः उचलून बघितले, वास स्वच्छ. डॉक्टर, फिली असल्यामुळे पळाली नाही तरी पुढे ब्रीडिंगला चालेल असं भाऊ म्हणतो, ते कितपत खरं?

घोडेडॉक्टर:
अर्धं खरं. कोल्ट नाही पळाला तर शंभरात एखादाच स्टडवर जातो, फिलीला तेवढा आधार असतो. पण घोडी वर्षाला एकच शिंगरू देते, तेही दर वर्षी देईलच असं नाही, आणि न जिंकलेल्या घोडीचं शिंगरू घेतं कोण, पुन्हा तेच कॅटलॉगचं पान. आठ मालकांनी मिळून ब्रूडमेअर, म्हणजे पैदाशीची घोडी, सांभाळायची तर आधी लेखी ठरवा, ती रेसमधून बाहेर आली की कुठे जाणार, खर्च कोण देणार. हे आजच ठरवा, फिली तबेल्यात आल्यावर कोणी ह्यावर बोलत नाही.

आईचे पाय शेवटपर्यंत नीट राहिले ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. एक्सरे मागा. दोन्ही पुढचे गुडघे, चारही फेटलॉक (खुराच्या वरचे सांधे), मागचे हॉक (मागच्या पायाचे मधले सांधे). आणि घशात कॅमेरा घालून श्वासनळी बघायला सांगा, धाप लागणारा घोडा बाहेरून कळत नाही. हे बघून सोळाचे बारा करायला सांगा, नव्या स्टॅलियनच्या नावाचे जादा पैसे तुम्ही का द्यायचे.

दांडियाबाजार_६२:
बोललो भावाशी. एक्सरेचं ऐकून ग्रुपमधले दोघं नाराज झाले, म्हणाले एवढा अविश्वास कशाला, पण भाऊ माझ्या बाजूने उभा राहिला. गुरुवारी एक्सरे काढणार आहेत. डॉक्टर, प्लेटा घेऊन तुमच्याकडे आलो तर बघाल का?

घोडेडॉक्टर:
या की काका. संध्याकाळी सहानंतर कधीही.