मदत हवी आहे: कोविडनंतर डी-डायमर दुप्पट झाला, रक्त पातळ करणारी गोळी वाढवावी का?

सिडकोवासी
वडील (वय ६८) कोविडमधून बरे होऊन घरी आले आहेत. डिस्चार्जच्या दिवशी डी-डायमर (रक्तातील गुठळ्यांचा अंदाज देणारी तपासणी) ६१० होता; काल कॉलेज रोडवर पुन्हा तपासला तर १२१० आला. गोळी चालू असूनही आकडा दुप्पट होतो, म्हणजे ती लागू पडत नाही असेच ना? डॉक्टरांचा फोन लागत नाही. मात्रा वाढवावी का, एवढेच सांगावे. ‘काळजी घ्या’ छापाची उत्तरे नकोत.

पंचवटीकर
आमच्या मातोश्री पोटावर दिलेल्या हेपॅरिनच्या इंजेक्शनांमुळेच वाचल्या. गोळ्यांच्या नादी न लागता इंजेक्शनचा पूर्ण डोस सुरू करावा. जोडीला अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या द्याव्यात.

निवृत्त फार्मासिस्ट
गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, आणि ती गुठळी होऊ नये म्हणून दिली आहे की झालेली गुठळी दिसली म्हणून? तसेच दोन्ही अहवालांवर आकड्यापुढे कोणते एकक छापले आहे, तेही पाहावे.
पंचवटीकर, २०२१ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत हेपॅरिनच्या पूर्ण मात्रेचा फायदा वॉर्डातील मध्यम आजारी रुग्णांना झाला, अतिदक्षता विभागातील रुग्णांना झाला नाही. घरी परतलेल्या माणसाला ते निष्कर्ष लावता येत नाहीत.

पंचवटीकर
चाचण्या कागदावर होतात, आमची आई समोर बसली आहे.

गंगापूर रोड
कोविशील्डनेही गुठळ्या होतात म्हणे. मी दुसरा डोस घ्यावा का?

निवृत्त फार्मासिस्ट
तो अतिदुर्मीळ प्रकार वेगळा आहे, त्यात प्लेटलेट घटतात. कृपया स्वतंत्र धागा काढावा.

सिडकोवासी
पहिल्या अहवालावर डीडीयू आहे, दुसऱ्यावर एफईयू. गोळी रिव्हारॉक्साबान २०, सकाळी उपाशीपोटी देतो. डिस्चार्ज कार्डावर ‘उजव्या फुप्फुसाच्या धमनीत गुठळी’ असे लिहिले आहे. शिवाय मेव्हण्यांच्या सांगण्यावरून अ‍ॅस्पिरिनही सुरू केली आहे, त्याने काही बिघडत नाही ना?

निवृत्त फार्मासिस्ट
हे आधी लिहायला हवे होते. एफईयूमधला आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो, त्यामुळे आपले ६१० आणि १२१० जवळपास एकच आहेत. काहीही वाढलेले नाही. संसर्गानंतर डी-डायमर काही आठवडे चढा राहू शकतो आणि त्यावरून गोळीची मात्रा ठरवत नाहीत. गुठळी दिसलेली असल्याने उपचार सहसा किमान तीन महिने चालतात. २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच द्यावी, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही.
खरी अडचण अ‍ॅस्पिरिनची आहे. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत सुमारे १५,००० कोविड रुग्णांत तिने मृत्यू कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र थोडा वाढला. येथे तर ती दुसऱ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर चढवली आहे. वडिलांना स्टेंट वगैरे आहे का? हिरड्यांतून रक्त येते का, शौचास काळे होते का?

सिडकोवासी
स्टेंट नाही. ब्रश करताना रक्त येते, ते मी दातांचे समजत होतो. आत्ता विचारले तर म्हणाले की कालपासून शौचास डांबरासारखे काळे होत आहे. लोहाच्या गोळीमुळे असेल असे त्यांना वाटले.

निवृत्त फार्मासिस्ट
लोहाने काळे होते, पण या दोन औषधांवर असताना तसे गृहीत धरता येत नाही; हा पोटातला रक्तस्रावही असू शकतो. अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रिव्हारॉक्साबानची पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नका आणि फोनची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आत्ताच जा. गोळ्यांची पाकिटे, डिस्चार्ज कार्ड आणि दोन्ही अहवाल सोबत न्या. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे पोहोचताच सांगा.

पंचवटीकर
लसणाचे राहू द्या. हेही रक्त पातळ करते म्हणतात.

सिडकोवासी
रिक्षा आली आहे. सकाळी आठला दोन्ही गोळ्या दिल्या होत्या, तसेच सांगतो.