ट्रान्स मुलं, वेप आणि शाळा : सगळा दोष संगतीचाच का?

सई_फ्रीमाँट :
परवा इथे एडिसनकर यांनी लिहिलं, "आधी पोरं स्वतःला ट्रान्स म्हणवतात, मग वेप (ई-सिगारेट), मग गांजा. सगळा अमेरिकन संगतीचा परिणाम." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी हायस्कूलमध्ये शिकवते. पोरं वेप ओढतात म्हणून शाळेनं निम्म्याहून जास्त बाथरूमना कुलपं घातली. माझ्या वर्गात तेलुगू घरातला एक ट्रान्स मुलगा आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला. मुलांच्या बाथरूममध्ये शिव्या खायच्या, मुलींच्यात जायचं नाही, म्हणून तो दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. शेवटच्या तासाला त्याचा पाय बाकाखाली सारखा हलत असतो. घंटा झाली की पार्किंगच्या मागे जाऊन आंब्याच्या वासाचं डिस्पोजेबल वेप ओढतो. फ्लेवरवाल्या वेपच्या विक्रीवर कॅलिफोर्नियात 2022 पासून बंदी आहे, तरी मिळतं. त्याला संगत कुणाची? तो एकटाच उभा असतो.

सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2023 च्या पाहणीत हायस्कूलच्या 3.3 टक्के मुलांनी आपण ट्रान्स असल्याचं सांगितलं. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शानं महिनाभरात एकदा तरी भीतीपोटी शाळा बुडवली होती. त्यात मूल गोरं नसेल तर ओझं दुप्पट. काळ्या मुलांना सस्पेन्शन, म्हणजे शाळेतून काही दिवस काढून टाकणं, आधीच जास्त मिळतं. आपल्या मुलांना काउन्सेलर सांगतो, "आईबाबांशी बोल." घरात आजी सहा महिन्यांसाठी आलेली, बाबा ग्रीन कार्डच्या रांगेत. बोलणार कुणाशी?

एडिसनकर :
तुम्ही त्याच्या शिक्षिका आहात, आई नाही. सोळाव्या वर्षी निकोटिन म्हणजे घडत्या मेंदूशी खेळ. दुःख आहे म्हणून व्यसन खपवून घ्यायचं? आणि आमच्या न्यू जर्सीत 2022 पासून गांजा दुकानात मिळतो. एकवीसची अट कागदावर. त्यावर का नाही लिहीत?

मालवणी_डॅलस :
दुकानं राहू द्या, आपले बेसमेंट बघा. माझी लेक ट्रान्स आहे. तिनं पहिला घोट आपल्याच एका मराठी घरात घेतला, गणपतीच्या जेवणानंतर. वर मुलींच्या खोलीत तिला कुणी बसू देईना, खाली पोरांनी "बायल्या" म्हटलं. मधल्या जिन्यापाशी बार मांडलेला आणि काका लोक क्रिकेट बघण्यात गुंग. तिथे अमेरिकन कोण होतं, सांगा.

एडिसनकर :
तुमच्या लेकीबद्दल वाईट वाटलं. पण आठवडाभर राबून शनिवारी दोन पेग घेणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवू नका. विषय शाळेचा आहे.

वऱ्हाडी_ह्यूस्टन :
विषय हाच आहे! आमच्या मंडळात मी दिवाळीला दारू नको म्हटलं, तर कमिटीतून बाजूला काढलं. मुलांना "सब्स्टन्स"वर सेमिनार आणि हॉलच्या मागे गाडीची डिकी उघडून बाटल्या. पोरांना दिसत नाही का?

बे_एरिया_बाबा :
डिकीतली बाटली कुणी काढली? दारूला मनाई असलेल्या कोरड्या हॉलचं भाडं कमी पडतं म्हणून तुमच्याच लोकांनी तो हॉल धरला होता.

वऱ्हाडी_ह्यूस्टन :
भाड्याचा हिशोब माझ्याकडे आहे. इथे टाकू का?

सई_फ्रीमाँट :
हिशोब नंतर करा. 988 या मानसिक संकटासाठीच्या अमेरिकन हेल्पलाइनवर एलजीबीटी मुलांसाठी वेगळी लाइन होती, ती 17 जुलै 2025 ला बंद झाली. साधी 988 सुरू आहे, पण या मुलांसाठी खास तयार झालेला माणूस तिथे मिळेलच असं नाही. रात्री जीव घाबरला की हाताशी वेपच असतं. ते काढून घ्यायचं तर बदल्यात काय देणार, हे मी विचारतेय.

एडिसनकर :
बाथरूमला कुलूप लावणं चूक, एवढं मान्य. आमच्या गावच्या शाळा बोर्डाच्या मीटिंगला मी स्वतः बोलेन. पण वेप सापडलं तर घरी कळवलंच पाहिजे. यावरून मी हटणार नाही.

मालवणी_डॅलस :
कळवा, वेपचं जरूर कळवा. मूल ट्रान्स आहे हे त्याच पत्रात घालू नका. आमच्या टेक्सासमध्ये 2025 च्या कायद्यानं शाळेतल्या लोकांना मुलाचं नवं नाव घ्यायचीही सोय ठेवली नाही. ज्या बाईंपाशी माझी लेक जेवणाच्या सुट्टीत बसायची, त्या आता तिला हजेरीतल्या नावानं हाक मारतात. ती तिथे जायची बंद झाली. बोर्डापुढे बोलणार असाल तर हेही बोला, एडिसनकर.