कोल्हापूर ते बेंगळुरू: कॅम्पर व्हॅन रात्री कुठे उभी करावी?

प्रश्न (मंगळवार पेठ)
नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही चौघे आईला घेऊन भाड्याच्या कॅम्पर व्हॅनने बहिणीकडे बेंगळुरूला निघणार आहोत. आईच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे, तिला लॉजचे जिने चढवत नाहीत. म्हणून पलंग आणि कमोड आतच असलेली गाडी ठरवली. सहाशेहून अधिक किलोमीटर एका दिवसात कापून तिला शिणवायचे नाही, त्यामुळे वाटेत एक मुक्काम होणारच. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, परंतु निपाणीच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेला, अशा गाड्यांसाठीचा तळ मला शोधूनही सापडला नाही. गाडी कुठे उभी करावी आणि परवानगी कोणाकडे मागावी?

उत्तर १
तळ शोधण्याऐवजी आवार शोधा. भिंत, फाटक आणि रात्रपाळीचा रखवालदार असलेले कौटुंबिक हॉटेल हेरून आदल्या दिवशी फोन करावा, रात्रीचे जेवण तिथेच घेऊ असे सांगावे आणि गाडी उभी करण्याचे वेगळे पैसे द्यायची तयारी ठेवावी. बहुतेक मालक आनंदाने होकार देतात. हुबळी दोनशे किलोमीटरवर येते, म्हणजे मुक्कामासाठी फार लवकर, आणि चित्रदुर्ग चारशेच्या पुढे, म्हणजे आईंसाठी फार लांब. सकाळी सातला निघून बेळगावात नाश्ता केलात, तर हावेरी ते दावणगेरे या पट्ट्यात चार-पाचच्या सुमारास पोहोचाल. उजेडात पोहोचणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आम्ही एकदा अंधारात एका ढाब्यावर थांबलो आणि पहाटेपर्यंत शेजारच्या शीतगृहाच्या ट्रकचे यंत्र घरघरत राहिले; आजोबांचा डोळ्याला डोळा लागला नाही. दिवसा आवार पाहिले असते, तर जनरेटर कुठे आहे आणि ट्रक कुठे लागतात, हे आधीच कळले असते. जागा सपाट आहे का, तेही पाहा: गाडीतल्या ओट्यावर ताटात थोडे पाणी ओतले की उतार लगेच दिसतो, मग चाकाखाली लाकडी ठोकळे घालून तो काढता येतो.

उत्तर २ (वाहतूक व्यवसाय, शिरोली)
मोठ्या पेट्रोल पंपावर व्यवस्थापकाला विचारून थांबता येते, स्वच्छतागृह आणि दिवे असतात. मात्र पंपाच्या आवारात शेगडी मुळीच पेटवू नका आणि सिलिंडरची झडप बंद ठेवा. टँकर रिकामा होण्याची जागा सोडून कडेला उभे राहा. रस्त्याच्या कडपट्टीवर तर पाच मिनिटेही झोपू नये, मागून येणाऱ्या ट्रकचालकाला उभी गाडी चालत असल्यासारखी भासते. काही अडचण आली, तर महामार्ग प्राधिकरणाचा मदत क्रमांक १०३३ आहे.

उत्तर ३
विजेबाबत लिहितो, मी वायरिंगची कामे करतो. हॉटेलवाल्याकडे १६ अँपियरचा पॉइंट मागा आणि अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअर वायर घरूनच न्या. तिची गुंडाळी पूर्ण सोडूनच एसी चालू करा; गुंडाळलेली वायर भाराखाली तापते आणि आवरण वितळते. अर्थिंग आहे की नाही, हे टेस्ट लॅम्पने पाहिल्याशिवाय गाडी जोडू नका, कारण गाडीच्या पत्र्यात वीज उतरली तर तिचा झटका पायरी उतरणाऱ्या आईंना बसेल.

प्रश्नकर्ता
आपल्या सर्वांचे मनापासून आभार. दावणगेरेच्या अलीकडे आवाराचे हॉटेल पाहतो. कमोडची टाकी मात्र कुठे रिकामी करावी?

उत्तर १
कॅसेट, म्हणजे कमोडखालची सुटी टाकी असेल, तर ती बाहेर निघते. हॉटेलच्या शौचालयातच, मालकाची परवानगी घेऊन, सकाळी गर्दीच्या आधी रिकामी करा, दोन बादल्या पाणी ओता आणि सफाई करणाऱ्या माणसाला पैसे द्या. शेतात किंवा ओढ्यात ती कदापि ओतू नका. निघण्यापूर्वी घरीच एकदा कॅसेट काढून-बसवून पाहा, झाकण नीट बसले नाही तर वाटेतच गळते.