वॅगन आरचा सायलेन्सर: नुसता मागचा डबा की पूर्ण लाइन?

बी-२०४: नमस्कार मंडळी. काल रात्री साडेअकराला माझी गाडी सोसायटीत आली तेव्हा ज्यांची झोपमोड झाली त्यांची मनापासून माफी मागतो. २००९ ची वॅगन आर आहे. सिंहगड रोडला स्पीडब्रेकरवर खालून खर्रकन घासलं आणि तिथून पुढे ट्रॅक्टरसारखा आवाज सुरू झाला. सकाळी वाकून पाहिलं तर सायलेन्सरच्या मागच्या डब्याच्या शिवणीला बोट जाईल एवढी भेग, आणि हात लावला की गंजाचे पापुद्रे खाली पडतात. एक गॅरेजवाला म्हणतो इंजिनापासून मागपर्यंतची पूर्ण लाइन बदला, ९,००० रुपये. दुसरा म्हणतो वेल्डिंग मारून देतो, ४०० रुपये. गाडीचं रजिस्ट्रेशन २०२४ मध्ये नव्याने करून घेतलंय, २०२९ पर्यंत आहे, आणि तोवर ती वापरायचीच आहे. कोणी हे काम करून घेतलंय का?

ए-३०२: आवाज ऐकला होता. मला वाटलं कचऱ्याची गाडी रात्रीच आली.

ए-५०३: दादा, बदलायचाच आहे तर फ्री-फ्लो, म्हणजे आतून मोकळा सायलेन्सर, टाका ना. पिकअप वाढतो, आवाज पण भारी येतो. माझ्या मित्राने स्विफ्टला टाकलाय.

बी-२०४: अरे, आईला घेऊन दवाखान्यात जायची गाडी आहे ती. तसंही परवा सासवडहून येताना आई म्हणाली डोकं जड झालंय, मळमळतंय. आम्ही म्हटलं उन्हामुळे असेल.

डी-१०२ (डॉक्टर): थांबा. आई मागच्या सीटवर होत्या का? काचा बंद होत्या का?

बी-२०४: हो मॅडम. एसी चालू होता. पण भेग तर काल पडली.

डी-१०२ (डॉक्टर): भेग मोठी काल झाली असेल. इतका गंज एका दिवसात येत नाही, तेव्हा आधीपासून थोडं गळत असणार असं धरूनच चला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं ऊन लागलं किंवा पित्त झालं. आईंचं त्याच्यामुळेच झालं असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण सायलेन्सर बदलेपर्यंत त्यांना या गाडीत बसवू नका. मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटलं होतं का, ते विचारा. आणि संध्याकाळी त्यांना घेऊन माझ्याकडे या, बीपी पण बघू.

बी-२०४: विचारलं. घरी येऊन गॅलरीत बसल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं म्हणते. मॅडम, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी येतो.

सेक्रेटरी: बी-२०४, तोपर्यंत गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये (स्टिल्टमध्ये) चालू ठेवून तपासू नका, वर पहिल्या मजल्याच्या खिडक्या आहेत. गेटबाहेर काढा.

सी-१०१ काका: मी आत्ताच देवपूजा उरकून फोन घेतला. बाळा, घाईने ९,००० पण घालू नकोस आणि ४०० पण घालू नकोस. ३१ वर्षं चिंचवडला याच कामात काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाणी तयार होतं. १ लिटर पेट्रोलमागे जवळपास १ लिटर पाणी. गाडी लांब पळाली की सगळी नळी तापते आणि ते वाफेने निघून जातं. पण आपली गाडी कुठे जाते? भाजी मंडई, शाळा, दवाखाना. तीन किलोमीटर गेलो की बंद. इंजिनाजवळची नळी तापते, मागचा डबा सगळ्यात लांब, तो कोमटच राहतो आणि पाणी त्याच्यात साचतं. त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि डबा आतून गंजतो. वरून काळा रंग शाबूत दिसतो, आत चाळणी झालेली असते. म्हणूनच मागचा डबा आधी जातो आणि पुढची लाइन बहुतेक वेळा अजून चांगली असते. पूर्ण लाइन बदला म्हणणाऱ्याने गाडी वर उचलून बघितली होती का?

बी-२०४: नाही काका. फोनवर आवाजाचं वर्णन ऐकूनच सांगितलं.

सी-१०१ काका: मग तुझ्या घरचा पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली ये. गाडी थंड आहे ना?

बी-२०४: हो, रात्रीपासून बंद आहे. आलोच.

बी-२०४: (दीड तासाने) मंडळी, काकांनी आज जे दाखवलं ते लिहून ठेवतो, इतरांनाही उपयोग होईल. आधी गाडी गेटबाहेर सपाटीवर घेतली, हँडब्रेक लावला, चाकांना विटा लावल्या. काका सतरंजी टाकून स्वतः खाली झोपले, वय ७१! नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, हे आधी बजावलं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पुढून मागे टकटक करत गेले. पुढची नळी टण्ण वाजली. मधला भागही टण्ण. मागच्या डब्यावर मारलं तर भद्द, आणि आतून वाळू सरकावी तसा आवाज. तिथे टोकाने जरा दाबलं तर टोक आत गेलं. मग मी गाडी सुरू केली आणि काकांनी टेलपाइपच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर दाबून धरलं. डब्याच्या शिवणीतून फुस्स, पण पुढे इंजिनापर्यंत कुठेच आवाज नाही. म्हणजे गळती फक्त मागच्या डब्याला आहे.

सी-१०१ काका: पुढे गळती नाही हे फार बरं झालं. इंजिनाजवळ ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आधी नळी फुटली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतं आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागावर, ताण येतो. मागच्या डब्याच्या भेगेने ते होत नाही. पण भेगेतून धूर गाडीखाली पसरतो, आणि हॅचबॅकला डिकी आणि सीट यांच्यात भिंत नसते. डिकीचं रबर कडक झालं असेल किंवा खाली पत्र्याला भोक असेल तर तो सरळ आत येतो. सामान जास्त झालं म्हणून डिकी दोरीने अर्धवट बांधून जातात, त्यानेही हेच होतं. गाडीच्या मागे हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि धूर आत खेचते.

ए-५०३: काका, मग वेल्डिंग का नको? भेग तर एकच आहे.

सी-१०१ काका: चांगला प्रश्न आहे. वेल्डिंगला धरायला चांगला पत्रा लागतो. इथे पत्रा कागदासारखा झालाय. ठिणगी लागली की तो जळून भोक मोठं होतं, आणि धरलंच तर वेल्डिंगच्या शेजारी महिनाभरात दुसरी भेग. नळीचा नुसता जोड सुटला असता तर मीच म्हटलं असतं वेल्डिंग कर. तेव्हासुद्धा आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जायची भीती.

आणि तुझ्या फ्री-फ्लोचं. या गाडीला १,०६१ सीसीचं इंजिन आहे. कंपनीने इंजिन, नळीचा व्यास आणि डबा एकमेकांसाठी ठरवलेले असतात. नुसता डबा मोकळा केला की आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की पळतेय असं वाटतं. शहरात पहिल्या-दुसऱ्या गिअरला जो जोर लागतो तो बहुतेक वेळा थोडा कमीच होतो. या काळातली कार ७४ डेसिबलच्या आत पास झालेली असते. वेताळ टेकडीवर आपली एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे ना, तिथे गाड्यांच्या अशाच चाचण्या होतात. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून पकडलास तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. तुझी हौस मला कळते, पण सोसायटीत तान्ही बाळं आहेत रे.

ए-५०३: हो काका. लायसन्सचं माहीत नव्हतं.

सी-२०२ ताई: काका, स्टेनलेसचा टाकला तर जन्माचं काम होईल ना? आमच्या सॅन्ट्रोचं पण असंच आहे, आणि आम्ही वर्षातून दोनदा गुहागरला जातो.

सी-१०१ काका: ताई, कोकणच्या खाऱ्या हवेत जाणाऱ्या गाडीला जरूर विचार करा, पण कोणतं स्टेनलेस ते विचारा. ३०४ नंबरच्या स्टेनलेसमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते गंजाला चांगलं तोंड देतं. ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास. त्याच्यावर वरून तांबूस गंज दिसतो पण पत्रा टिकतो, आणि सायलेन्सरसाठीच ते जास्त वापरतात. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, चिकटलं तर लोखंड म्हणून. ते अर्धवट आहे. ४०९ ला चुंबक चिकटतंच. तिसरा प्रकार म्हणजे ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा, तो साध्या पत्र्यापेक्षा बराच बरा. सगळ्यात वाईट म्हणजे साध्या पत्र्यावर नुसता चंदेरी रंग. नखाने खरवडून बघा.

बी-२०४, तुझी गाडी अजून तीन वर्षं ठेवायची आहे. तेवढ्यासाठी फॅब्रिकेटरकडून ३०४ चं करून घ्यायची गरज नाही. कंपनीचा मागचा डबा घे.

बी-२०४: आज नाना पेठेत जाऊन आलो. बाहेरच्या मेकचा डबा १,९००, कंपनीचा ३,६००. भोसरीत फॅब्रिकेटरला फोन केला, स्टेनलेसचा बनवून ७,५०० म्हणाला. काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही डबे हातात घेतले. फरक हाताला लगेच कळतो! स्वस्तातला उचलायला हलका, शिवण वेडीवाकडी, हलवल्यावर आत खुळखुळ. कंपनीचा जड, आणि हँगरचे हूक जाड सळईचे. कंपनीचा घेतला. सोबत गॅस्केट, नवे बोल्ट आणि दोन्ही रबर हँगर.

सी-१०१ काका: रबर घेतलेस हे उत्तम केलंस. जुनं रबर लांबलं की डबा खाली लोंबतो आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला घासतो. तुझं काल घासलं ते त्यामुळेच, मी बघितलं तेव्हा एक रबर चिरलेलं होतं.

बी-२०४: काका, एक घोळ आहे. घरी आणून नीट बघितलं तर नव्या डब्याला खालच्या बाजूला बारीक भोक आहे. परत करू का?

सी-१०१ काका: नको नको. ते कंपनीनेच ठेवलेलं आहे, साचलेलं पाणी निघायला. बऱ्याच डब्यांना असतं. मेकॅनिकलाही सांगून ठेव, काही जण गळती समजून त्याच्यावर वेल्डिंगचा ठिपका मारतात आणि मग डबा दोन पावसाळ्यांत जातो.

बसवताना समोर उभा राहा. जुने बोल्ट गंजून बसलेले असतील, घण मारत बसू नका, ग्राइंडरने कापा. आधी सगळं सैल टांगायचं, नळी कुठे घासत नाही ना ते हलवून बघायचं, मग पुढून मागे आवळत यायचं. आधीच आवळलं तर रबरांवर ताण राहतो आणि केबिनमध्ये घरघर येते. आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरला कोणालाही हात लावू देऊ नकोस. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणून जुन्यालाही भाव आहे. "चोक झालाय, काढून सरळ नळी टाकतो" असं कोणी म्हटलं तर गाडी घेऊन निघून ये.

बी-२०४: झालं काम! मजुरी ६००. जुना डबा मागून घेतला आणि पालथा केला तर वाटीभर गंज पडला आणि आतला एक पडदा तुटून मोकळा झालेला होता. नंतर लगेच पीयूसी केलं. आपली गाडी बीएस-३ (प्रदूषणाच्या जुन्या नियमांतली), मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम. दोन्ही आरामात आत. नळी फुटलेली असताना केलं असतं तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटाच आला असता, हे पण काकांकडूनच कळलं. आईला बोपदेव घाटातून कानिफनाथपर्यंत फिरवून आणलं, काच थोडी उघडी ठेवूनच. डोकं अजिबात दुखलं नाही म्हणाली. डॉक्टर मॅडम, काका, तुमचे उपकार आहेत.

डी-१०२ (डॉक्टर): छान. बीपीची गोळी मात्र चालू ठेवायला सांगा.

ए-३०२: काल रात्री गाडी आली कधी ते कळलंच नाही बघा.

सी-२०२ ताई: काका, आमची सॅन्ट्रो पण बघाल का? गणपतीला गावी जायच्या आधी करून घ्यायचंय.

सी-१०१ काका: रविवारी सकाळी आठला. आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका, थंड हवी. सतरंजी तुमची आणा, माझी धुवायला टाकलीय. आणि ए-५०३, तू पण ये, टॉर्च धरायला.

ए-५०३: येतो काका.